ठाण्यातला कॉम्प्युटर आणि हवालदाराच्या खिशातला मोबाईल : एका न संपणाऱ्या खरेदीची पार्श्वभूमी

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स बंद केली. पुढच्या विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो, मोजके अपवाद सोडता, आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. डेस्कटॉपसाठीची ही आठवी पिढी बाजारात आली ऑक्टोबर २०१७मध्ये. महाराष्ट्रातली पोलीस ठाणी सीसीटीएनएसवर, म्हणजे देशभरातल्या ठाण्यांच्या गुन्हे-नोंदी जोडणाऱ्या जाळ्यावर, आली सप्टेंबर २०१५मध्ये. त्या खरेदीतले जे मशीन आज टेबलावर आहे, त्याला पुढचे विंडोज रीतसर चढत नाही. एवढा हिशेब केला की हा प्रश्न ‘कॉम्प्युटर स्लो झालाय’ या तक्रारीपुरता राहत नाही. मात्र तो २०२५मध्ये उभा राहिलेला नाही. त्याची मुळे खरेदीच्या जुन्या पद्धतीत आहेत.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, १९८६ साली स्थापन झाला. नव्वदच्या दशकात त्याची सीसीआयएस ही गुन्हे आणि गुन्हेगारांच्या माहितीची प्रणाली जिल्हा पातळीपर्यंत आली. ठाण्यात मात्र कॉम्प्युटर नव्हता. क्राइम रायटर ठरावीक नमुन्यातले फॉर्म हाताने भरायचा, ते जिल्ह्याला जायचे आणि तिथला ऑपरेटर ते मशीनमध्ये घालायचा. खुद्द ठाण्यात कॉम्प्युटर नेण्याचा मोठा प्रयत्न म्हणजे २००४च्या सुमारास आलेली सीपा ही संगणक प्रणाली. ती एनआयसीने, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, बनवली होती आणि विंडोजऐवजी लिनक्स या खुल्या प्रणालीवर चालायची. (आज विंडोजच्या मुदतीची धावपळ पाहताना ही गोष्ट आठवली की गंमत वाटते.) सीपाची अडचण अशी, की प्रत्येक ठाणे आपापल्या बेटावर. शेजारच्या ठाण्यातला आरोपी इथल्या पडद्यावर दिसायचा नाही.

ही बेटे जोडण्यासाठी सीसीटीएनएस आले. जून २००९मध्ये केंद्राने त्याला मंजुरी दिली. तरतूद २,००० कोटी रुपयांची, आणि आवाका देशभरातली सुमारे १४,००० ठाणी व ६,००० वरिष्ठ कार्यालये. २६/११च्या हल्ल्यानंतरचे ते दिवस होते, त्यामुळे कामाला घाई होती. प्रत्येक ठाण्याला द्यायचा संच केंद्रानेच ठरवून दिला होता: चार डेस्कटॉप, प्रिंटर, यूपीएस, छोटा जनरेटर, नेटवर्क स्विच, डिजिटल कॅमेरा, बोटांचे ठसे घेणारे यंत्र, बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. महाराष्ट्रात हजाराहून अधिक ठाणी आहेत, म्हणजे नुसते ठाण्यांतले कॉम्प्युटरच चार हजारांवर गेले.

घोळाचे बीज याच यादीत आहे. संच ‘प्रकल्प’ म्हणून आला. प्रकल्पाला भांडवली पैसा मिळतो, उद्घाटन होते, ठरावीक वर्षांची देखभाल त्याच कंत्राटात असते. ती मुदत संपली की मशीन पोलीस घटकाच्या, म्हणजे जिल्ह्याच्या किंवा आयुक्तालयाच्या, गळ्यात पडते आणि घटकाकडे त्यासाठी असतो वर्षाच्या ‘संगणक खर्चा’तला तुटपुंजा वाटा. त्यात टोनर बसतो, रॅम बसते. चार हजार मशीन बदलणे बसत नाही. एका दमात घेतलेली मशीन म्हातारीही एका दमात होतात. दरवर्षी पाचवा हिस्सा बदलला असता तर पाच वर्षांत अख्खा ताफा नवा झाला असता आणि कुठल्याही एका वर्षी बोजा पडला नसता. हे गणित कोणत्याही एसटी आगाराला पाठ असते. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र पुढच्या योजनेची वाट पाहण्याची सवय लागली.

पोलीस ठाण्यातले मशीन घरातल्या मशीनपेक्षा लवकर थकते, कारण ते झोपत नाही. ठाणे अंमलदार पाळीने बदलतो, त्याच्यासमोरचा कॉम्प्युटर तोच. पंखा धूळ ओढत राहतो, प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकवर तिचा जाड थर साचतो, प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो आणि सगळे म्हणतात, ‘सीसीटीएनएस हँग होतंय.’ यूपीएसच्या सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंशांना तीन ते पाच वर्षे धरतात. तापमान दहा अंशांनी वाढले की ते साधारण निम्म्यावर येते. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत, तिचे काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. बॅटरी गेली की यूपीएस नुसता डबा उरतो. वीज गेली की मशीन तडकाफडकी बंद पडते, आणि असे पुन्हा पुन्हा झाले की हार्ड डिस्कचे सेक्टर खराब होऊ लागतात.

यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त चकवणारा बिघाड मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या बॅटरीचा, सीआर २०३२चा. ती संपली की वीज जाऊन आल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. ब्राउझर सर्व्हरचे प्रमाणपत्र त्या तारखेशी ताडतो, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतो आणि लॉगिनच होत नाही. ठाण्यातून नेटवर्कची तक्रार जाते, लाइन तपासली जाते, राउटर बदलला जातो. खालच्या कोपऱ्यातली तारीख मात्र कोणी वाचलेली नसते. याहून वाईट म्हणजे त्याच मशीनवर वर्डमध्ये टाईप केलेला जबाब. त्या फाइलच्या गुणधर्मांत घटनेच्या आधीची तारीख बसते, आणि बचावाच्या वकिलाला तेवढे पुरते.

मशीन बदलताना महाराष्ट्रात आणखी एक खास दुखणे निघते, ते फॉन्टचे. जुने जबाब, पंचनामे, दोषारोपपत्रांचे मसुदे शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व (आजची सर्वमान्य संकेतांक-पद्धत रुळण्याआधीच्या) फॉन्टमध्ये पडलेले असतात. त्या फाइलींत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेतांक असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. नव्या मशीनवर फॉन्ट नसला की ‘पंचनामा’च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. म्हणून जुने मशीन हलवण्याआधी त्यातले फॉन्ट वेगळे काढून ठेवावे लागतात आणि लागणाऱ्या फाइली कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणाव्या लागतात. तेव्हा रफार, ऱ्या आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावी लागतात, कारण कन्व्हर्टर नेमका तिथेच चुकतो. शिवाय जुन्या लेखनिकाचा हात टाइपरायटरच्या रेमिंग्टन कळफलकावर बसलेला आणि नव्या मशीनवर इनस्क्रिप्ट ही वेगळी मांडणी. कळफलकाची मांडणी आधी बसवून दिली नाही, तर नवा कॉम्प्युटर कोपऱ्यात आणि काम पुन्हा जुन्यावर.

यंत्र बंद पडले तर काय बिघडते, याचे उत्तर ७ सप्टेंबर २०१६ला बदलले. प्रथम खबरी अहवाल २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा, असे सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी सांगितले. संवेदनशील गुन्हे वगळून, आणि नेटवर्कची अडचण असेल तिथे थोडी सवलत देऊन. तोवर कॉम्प्युटर ही वहीची नक्कल होती. त्यानंतर ती मुदतीची बाब झाली. पुढच्याच वर्षी, १२ मे २०१७ला, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा व्हायरस आला. त्याला अडवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते, पण न लावलेली आणि मुदतबाह्य मशीन सापडली. त्यांत आंध्र प्रदेश पोलिसांचेही काही कॉम्प्युटर होते. अपडेट थांबलेले विंडोज म्हणजे काय, हे भारतातल्या पोलिसांना तेव्हा पहिल्यांदा जवळून दिसले.

डागडुजीला वाव असतोच. चार जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क असलेल्या मशीनला आठ जीबी रॅम व २५६ जीबी एसएसडी घातली तर ते दोन-तीन वर्षे सुखाने चालते. पण त्या काळच्या मशीनला डीडीआर३ रॅम लागते. नव्या मशीनची डीडीआर४ त्यात बसत नाही, खाचेची जागाच वेगळी असते; तरी हीच चूक खरेदीत वारंवार होते. सीसीटीएनएस ब्राउझरमध्ये चालते, म्हणून लिनक्सचाही पर्याय सुचवला जातो. तो खोटा नाही, पण अडतो ठशांच्या यंत्राच्या आणि डिजिटल सहीच्या टोकनच्या ड्रायव्हरपाशी. आधी एका मशीनवर या दोन वस्तू चालवून पाहाव्यात, मग बाकीच्यांचा विचार करावा.

कॉम्प्युटरची ही कथा निदान कागदावर तरी आहे. मोबाईलची तीही नाही. वायरलेस संच सरकारी, त्याची नोंद, त्याची दुरुस्ती, सगळे ठरलेले. स्मार्टफोन आला तो हवालदाराच्या पगारातून. गस्तीचा फोटो, बंदोबस्ताचे लोकेशन, फरार आरोपीचे छायाचित्र, वरिष्ठांचा आदेश, सगळे व्हॉट्सॲपवर आणि सगळे खासगी फोनवर. सरकारी खरेदीतली पोकळी कर्मचाऱ्याने स्वतः भरून काढली, आणि ती भरली गेली म्हणून कोणाला दिसली नाही. ई-चलनात ती पहिल्यांदा उघडी पडली. दंड करताना वाहनाचा फोटो खासगी मोबाईलवर काढायचा आणि नंतर सवडीने चलन करायचे, याविरुद्ध ओरड झाली. जुलै २०२५मध्ये राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयाने परिपत्रक काढून अशा वापराला मनाई केली.

पण खरी कलाटणी १ जुलै २०२४ची, नव्या फौजदारी कायद्यांची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५नुसार झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण बंधनकारक झाले, आणि कायद्यातच म्हटले आहे की ते शक्यतो मोबाईलवर करावे. त्यासाठी एनआयसीचे ई-साक्ष्य ॲप आले. आता इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायचे, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चे प्रमाणपत्र उघडून पाहा. त्यात उपकरणाची कंपनी, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) भरावा लागतो आणि फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा संगणकीय ठसा, लिहावे लागते. फोन अंमलदाराचा स्वतःचा असेल तर त्याच्या खासगी फोनचा आयएमईआय न्यायालयाच्या कागदावर जातो. उद्या तोच फोन तपासायला मागितला तर त्यातले कुटुंबाचे फोटोही सोबत जातात. तो फोन विकला, हरवला, बदलला, तर उलटतपासणीत आणखी एक प्रश्न वाढतो. आणि ॲपऐवजी साध्या कॅमेऱ्याने चित्रण करून व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून तपासी अधिकाऱ्याला पाठवले, तर व्हॉट्सॲप ते दाबून लहान करते. मूळ फाइलचा आणि आलेल्या फाइलचा हॅश जुळतच नाही.

सरकारी फोन द्यायचे ठरवले तरी ते एकदा देऊन भागत नाही. न्यूयॉर्क पोलिसांनी सुमारे ३६,००० विंडोज फोन वाटले. वाटप नीट पार पडले, फोनही धडधाकट होते. पण विंडोज फोन ८.१चा आधार जुलै २०१७मध्ये संपला आणि सगळ्यांच्या जागी आयफोन द्यावे लागले. अँड्रॉइडचेही तेच. निविदेत रॅम आणि कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल हौसेने लिहिले जातात. सुरक्षा अपडेट्स कोणत्या तारखेपर्यंत मिळतील ही ओळ राहून जाते. ती ओळ नसेल तर जेम या सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावर सर्वांत कमी दराने येणारे मॉडेल बहुधा आयुष्याच्या उताराला लागलेलेच असते.

जुने काढण्याचे कामही नव्याइतकेच किचकट. जडवस्तू संग्रह नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टरमध्ये) जे मशीन आहे ते निर्लेखन, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी करणे, झाल्याशिवाय हलत नाही. म्हणून नोंदवहीतला अनुक्रमांक आणि कॅबिनेटच्या मागचा अनुक्रमांक आधी ताडावा लागतो. दुरुस्तीत मदरबोर्ड, डिस्क, कधी अख्खे कॅबिनेट इकडचे तिकडे झालेले असते आणि निर्लेखन समितीपुढे प्रस्ताव तिथेच अडकतो. मुद्देमालाच्या खोलीत एकावर एक रचलेले मॉनिटर दिसतात ते बहुतेक याच कारणाने. ई-कचरा नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत; माल नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांच्याकडेच द्यायचा, भंगारवाल्याला नाही. त्याआधी डिस्क बाहेर काढायची. फिरत्या डिस्कवर नुसते फॉरमॅट केल्याने माहिती जात नाही, वरून लेखन करावे लागते किंवा डिस्क फोडावी लागते. एसएसडीवर वरून लेखनाचा भरवसा नाही, तिच्यासाठी निर्मात्याची सिक्युअर इरेज आज्ञा वापरावी. मोठ्या झेरॉक्स मशीनमध्येही डिस्क असते, ती हमखास विसरली जाते.

फोनच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा. आधी त्यावरचे जीमेल खाते काढायचे, मग फॅक्टरी रिसेट. बंद पडलेला फोन बटणे दाबून रिकव्हरीतून रिसेट केला तर तो चालू होताना आधीच्याच खात्याचा पासवर्ड मागतो. ते खाते बदली होऊन गडचिरोलीला गेलेल्या अंमलदाराचे असते, पासवर्ड त्याला आठवत नाही आणि ओटीपी त्याने केव्हाच बंद केलेल्या नंबरावर जातो. म्हणून कार्यमुक्तीच्या दिवशी, दाखला हातात देण्यापूर्वी, त्याला समोर बसवून खाते काढून घ्यावे आणि तशी सही फोनच्या नोंदीसमोर घ्यावी.