टाकीतलं पाणी मोजा: सोलापूरचा उन्हाळा आणि टीव्हीवरचा ‘मिनी एसी’

मार्च लागला की दुपारच्या टीव्हीवर ती जाहिरात सुरू होते. घामाघूम झालेलं कुटुंब, टेबलावर वीतभर उंचीचा पांढरा डबा, त्यातून निघणारे निळे बाण आणि पाच मिनिटांत पांघरूण ओढून झोपलेली मुलं. एकदा पाणी भरा, आठ तास गारवा. वीज मोबाईलच्या चार्जरएवढी. आत्ता फोन केलात तर दुसरा डबा निम्म्या किमतीत. अर्धा तास हेच फिरून फिरून सांगतात. ऐकणारा माणूस बाहेरच्या बेचाळीस अंशांत होरपळत असतो, त्यामुळे त्याला ते पटतंही.

सोलापुरात हे डबे बरेच खपतात. पूर्व भागात यंत्रमागावर राबून किंवा विड्या वळून चालणाऱ्या घराला दोन हजार रुपये लहान रक्कम नाही. म्हणून यावर सविस्तर लिहायला हवं असं मला मनापासून वाटतं.

या डब्याबद्दल दोन मतं कानावर येतात. कुणी म्हणतं, एसीइतकं गार होतं. कुणी म्हणतं, नुसता पंखा आहे, सगळी फसवणूक. दोन्ही बरोबर नाहीत. डब्यामागचं तत्त्व शंभर टक्के खरं आहे आणि आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ते कोकणापेक्षा कितीतरी चांगलं चालतं. जाहिरात चुकते ती प्रमाणात. तर आधी तत्त्व बघू, कारण ते फार सुंदर आहे.

पाण्याची वाफ व्हायला ते उकळावं लागत नाही, हे आपण शाळेत शिकलो. वाळत घातलेला टॉवेल रोज हेच करून दाखवतो. पाण्याचे सगळे रेणू सारख्या वेगाने हलत नसतात. त्यांतले सर्वांत वेगवान रेणू पृष्ठभागावरून सुटून हवेत जातात. मागे संथ रेणू उरतात, म्हणजेच मागे उरलेलं पाणी थंड होतं. सुटून जाणारा रेणू शेजाऱ्यांची ओढ तोडून जातो आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा पाण्यातून आणि आजूबाजूच्या हवेतून घेतली जाते. हीच पुस्तकातली अप्रकट उष्मा. उन्हाळ्यातल्या तापमानाला एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २,४२० किलोज्यूल उष्णता लागते. तेच एक लिटर पाणी गॅसवर ठेवून २७ अंशांपासून उकळीपर्यंत नेलं तर फक्त ३०५ किलोज्यूल लागतात. उकळी आणायला लागते त्याच्या आठपट उष्णता गपचूप वाळणारं पाणी गिळतं. माठ यावरच चालतो, घाम यावरच चालतो, आणि तो डबाही.

मग पाणी वाळत राहिलं तर हवा थंड होतच जाईल का? नाही. या गारव्याला एक तळ आहे, आणि तो कुठे आहे हे मोजता येतं. दोन सारखे तापमापक घ्या. ताप बघायचा नको, त्याची पट्टी ३५ अंशांच्या वर सुरू होते. प्रयोगशाळेतला साधा घ्या. एकाच्या फुग्याला मलमलीची ओली चिंधी गुंडाळा आणि दोघांवर पंख्याचा वारा सोडा. ओल्या तापमापकाचा पारा भराभर उतरतो आणि एका जागी थांबतो. का थांबतो? चिंधी जितकी थंड होते तितकी तिच्यात भोवतालच्या गरम हवेतून उष्णता जास्त शिरते, आणि थंड पाण्याचं बाष्पीभवनही मंदावतं. आत येणारी उष्णता आणि बाष्पीभवनाने जाणारी उष्णता जिथे समसमान होतात, तिथे पारा ठरतो. याला वेट बल्ब तापमान म्हणतात. हवामान वेधशाळांच्या पांढऱ्या झरोक्यांच्या पेटीत असा ओल्या चिंधीचा तापमापक असतो, आणि त्याच्यावरून हवेतला ओलावा काढतात.

तो कसा काढतात हेही सांगतो. ओल्या तापमापकाच्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त किती बाष्पदाब (म्हणजे हवेतल्या वाफेचा दाब) मावतो ते तक्त्यात बघायचं. दोन तापमापकांतल्या फरकाला हवेच्या दाबाने आणि मग ०.०००६६२ ने गुणायचं आणि पहिल्या आकड्यातून वजा करायचं. उरतो तो हवेतला प्रत्यक्ष बाष्पदाब. समजा सोलापुरात एप्रिलची दुपार आहे: कोरडा तापमापक ४२, ओला २३, हवेचा दाब ९५५ हेक्टोपास्कल. (आपण समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून वर आहोत, म्हणून दाब थोडा कमी.) २३ अंशांना बाष्पदाब मावतो २८.१ हेक्टोपास्कल. वजा करायचं १९ गुणिले ९५५ गुणिले ०.०००६६२, म्हणजे १२. उरले १६.१. बेचाळीस अंशांच्या हवेत मावू शकतो ८२. सोळा भागिले ब्याऐंशी म्हणजे साधारण २० टक्के सापेक्ष आर्द्रता. एक चिंधी आणि दोन तापमापक, एवढ्यावर अदृश्य वाफेचा हिशोब लागतो, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

आकडेमोड नको असेल तर एवढंच लक्षात ठेवा: ओल्या पॅडमधून (पाणी धरून ठेवणाऱ्या जाळीतून) थेट हवा फेकणारा कोणताही कूलर, दोनशेचा असो की वीस हजारांचा, बाहेरची हवा वेट बल्ब तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही. आपल्याकडे एप्रिलच्या त्या दुपारी हा तळ २३ अंशांवर आहे, म्हणजे हाताशी १९ अंशांचा उतार आहे. चांगला पॅड त्यातला ८० टक्के उतार गाठतो, म्हणजे ४२ ची हवा २७ वर येते. मे महिन्यात कोकण किनाऱ्यावर ३४ तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर तळ साडेअठ्ठावीसच्या आसपास असतो आणि उतार जेमतेम पाच-सहा अंशांचा. तिथे लोक कूलरला नावं ठेवतात, इथे आपण त्याच्या जिवावर उन्हाळा काढतो, त्यामागे हे कारण आहे. जुलैत पावसाळी हवा आली की सोलापुरातही तोच कूलर चिकट वारा फेकू लागतो. तेव्हा कूलर बिघडलेला नसतो, हवेतली जागा भरलेली असते.

गिरण्यांच्या आपल्या सोलापूरला हे शास्त्र परकं नाही. सुती धागा कोरड्या हवेत ठिसूळ होऊन तुटतो, म्हणून कापड गिरण्यांत हवेत मुद्दाम ओलावा सोडतात. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली. पुढे १९०६ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या स्टुअर्ट क्रेमर या कापडगिरणीच्या अभियंत्याने गिरणीतल्या हवेत बाष्प सोडणाऱ्या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याच्या चार वर्षं आधी विलिस कॅरियरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यातला ओलावा ताब्यात ठेवायला यंत्रणा आखली होती, कारण दमट हवेत कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. आजच्या एसीचा जन्म असा धाग्याच्या आणि कागदाच्या काळजीतून झाला.

आता प्रमाण. टीव्हीवरच्या डब्याची टाकी साधारण ६०० मिलिलिटरची असते आणि ती आठ तास पुरते असा दावा असतो. एक लिटर पाणी वाळताना २,४२० किलोज्यूल घेतं, म्हणजे विजेच्या भाषेत सुमारे ६७० वॉट-तास. म्हणून साधं सूत्र: टाकीतलं पाणी लिटरमध्ये घ्या, ६७० ने गुणा, जितके तास पुरतं तितक्याने भागा. आलेला आकडा म्हणजे गारवा, वॉटमध्ये. ०.६ गुणिले ६७० भागिले ८ बरोबर ५० वॉट. निवांत बसलेल्या एका मोठ्या माणसाच्या अंगातून सुमारे १०० वॉट उष्णता सतत बाहेर पडते. म्हणजे खोलीत एक माणूस बसला तर त्याची जेमतेम निम्मी उष्णता हा डबा शोषू शकतो. दीड टनाचा एसी खोलीतली ५,३०० वॉटच्या आसपास उष्णता बाहेर काढतो, डब्याच्या शंभरपट. (हा टन बर्फाचा आहे: २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता घेतो तेवढी.)

हा हिशोब कंपनीचाच आठ तासांचा आकडा धरून केला, म्हणून यातून सुटका नाही. पाणी आठ तास पुरत असेल तर गारवा ५० वॉटच. गारवा वाढवायचा तर पाणी लवकर संपलं पाहिजे. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम जाहिरातीलाही लागू आहे.

हातभर अंतरावर तोंडासमोर ठेवलात तर चेहऱ्याला गार वाटेल, आणि ते वाटणं खरं आहे. अभ्यासाच्या टेबलापुरता कुणी वापरत असेल तर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती बंद खोलीच्या दृश्याबद्दल. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत साधारण ३० किलो हवा असते आणि एप्रिलच्या दुपारी त्या हवेत जेमतेम ३०० ग्रॅम वाफ असते. दारंखिडक्या घट्ट लावून त्यात आणखी ६०० ग्रॅम सोडली तर हवा संपृक्त व्हायला लागते, म्हणजे तिच्यात आणखी वाफ मावेनाशी होते. पाण्याने हवेतून घेतलेली उष्णता वाफेच्या रूपाने खोलीतच राहते, आणि दमट हवेत अंगाचा घाम वाळेनासा होतो. आपल्या शरीराचा स्वतःचा कूलर त्यामुळे बंद पडतो. म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ या डब्याच्या भरवशावर बंद खोलीत ठेवणं धोक्याचं आहे, हे कुणीतरी ठणकावून सांगायला हवं.

‘बर्फ टाका, आणखी गार’ हेही तपासून बघा. ६०० ग्रॅम बर्फ वितळताना २०० किलोज्यूल घेतो. तेवढंच पाणी वाळताना १,४५०. बर्फाची भर सातवा हिस्सा. आणि तो बर्फ बनवताना फ्रिजने त्याहून जास्त उष्णता मागच्या जाळीतून त्याच घरात सोडलेली असते.

अशाच अर्ध्या तासाच्या जाहिरातींत यंत्रं आणि ताईतही विकले जातात: धनप्राप्तीचं, बाधा घालवणारं. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये अशा अलौकिक शक्तीचा दावा करणाऱ्या टीव्हीवरच्या जाहिराती २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा ठरवल्या. ताईताच्या दाव्याला कायद्याने हात घातला, पण वॉटच्या दाव्याला गणितच लागतं, आणि ते घरोघर करावं लागेल.

आता खिडकीतला मोठा कूलर. भर उन्हाळ्यात तो तासाला आठ-दहा लिटर पाणी सहज पितो. दहा लिटर गुणिले ६७० म्हणजे ६,७०० वॉट. आकडा एसीपेक्षा मोठा दिसतो, पण यातला मोठा भाग बाहेरून आत ओढलेल्या ४२ अंशांच्या हवेलाच थंड करण्यात जातो. खोलीच्या वाट्याला थोडा येतो. तरी तो वाटा खरा आणि पुरेसा असतो. अट एकच, समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. ओली हवा निघून गेली नाही तर मोठा कूलरही त्या डब्यासारखाच वागतो.

रात्रीच्या उकाड्याचं कारण मात्र हवेत नाही, डोक्यावर आहे. त्या दहा बाय दहाच्या खोलीची हवा एक अंशाने उतरवायला ३० किलोज्यूल पुरतात. तिच्यावरचा पाच इंची स्लॅब एक अंशाने उतरवायला साधारण २,५०० लागतात, म्हणजे जवळपास एक लिटर पाण्याची वाफ! संध्याकाळी गच्चीवर पाणी मारण्याची आपली रीत म्हणून शास्त्राला धरून आहे. वाळणाऱ्या पाण्याने निम्मी उष्णता वाऱ्याकडून घेतली तरी दहा लिटर पाणी स्लॅबला पाचेक अंशांनी खाली आणू शकतं. पत्र्याच्या घराचं तसं नाही. पत्रा उष्णता साठवत नाही, दिवसा थेट आत फेकतो. तिथे वरून पांढरा चुना मारणं सर्वांत स्वस्त, कारण ऊन आत शिरण्याआधीच परत फिरतं. त्यावर ओलं गोणपाट टाकलं तर दुपार बरीच सुसह्य होते.

अडचण पाण्याची आहे. दिवसाला आठ तास कूलर म्हणजे ८० लिटर, आणि उजनीहून शंभर किलोमीटरच्या वर पाइपातून येणारं पाणी शहराच्या कित्येक भागांत रोज नळाला येत नाही. मग कूलरला बोअरचं पाणी लागतं. बाष्पीभवन फक्त पाणी नेतं, क्षार मागेच ठेवतं. लिटरमागे एक ग्रॅम क्षार असले तर रोज ८० ग्रॅम, महिन्याला जवळपास अडीच किलो पांढरा थर पॅडमध्ये आणि पंपात बसतो, हवेची वाट अडवतो आणि कूलर गार करेनासा होतो. म्हणून टाकीत नुसती भर घालत राहू नका. आठवड्यातून एकदा ती पूर्ण रिकामी करा, तळ घासा आणि एक दिवस कोरडी ठेवा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे त्याचाही बंदोबस्त होतो. काढलेल्या खारट पाण्याने फरशी पुसा, झाडांना घालू नका.