४२९४९६७२९५ की ४२९४९६७२९७?

शेवटचा अंक सोडला तर दोन्ही संख्या हुबेहूब सारख्या. २ चा ३२ वा घात म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. एक त्याच्या अलीकडची, दुसरी पलीकडची. म्हणून एकीचे गुणधर्म सर्रास दुसरीच्या नावावर खपतात.

अलीकडची, ५ ने संपणारी, फोडायला सोपी. वर्गांच्या वजाबाकीचं शाळेतलं सूत्र पुन्हापुन्हा लावलं की ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ हे अवयव मिळतात. आजवर सापडलेल्या फर्मा मूळ संख्या (२ च्या घातात १ मिळवून येणाऱ्या विषम मूळ संख्या) या पाचच. विषम बाजूंचा सुसम बहुभुज नुसत्या पट्टी-कंपासने काढायचा तर बाजूंची संख्या वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असावी लागते. त्यामुळे नुसत्या पट्टी-कंपासने काढता येणाऱ्या, विषम बाजूंच्या ज्ञात सुसम बहुभुजांमध्ये सर्वांत मोठ्याला एवढ्याच बाजू आहेत. (कागदावर तो वर्तुळच दिसेल, ते सोडा.)

पलीकडचीला हे सूत्र लागत नाही. शिवाय वरच्या पाचांपैकी कशानेही भागा, बाकी २ च उरते. फ्रेंच गणितज्ञ फर्माला ती मूळ वाटली. १७३२ मध्ये स्विस गणितज्ञ ऑयलरने ती ६४१ × ६७००४१७ अशी फोडली. अवयव शोधायचा तर तो १२८ च्या पटीत १ मिळवून येणाराच असतो. हा नियम फ्रेंच गणितज्ञ ल्यूकाचा, ऑयलरनंतरचा. १२९, ३८५, ५१३ मूळ नाहीत, २५७ आधीच बाद. म्हणजे खरा भागाकार एकच, ६४१ चा.

तोही न करता पडताळता येतं. ६४१ = ५ × १२८ + १, म्हणून ५ × १२८ ला ६४१ ने भागल्यावर बाकी −१ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी). दोन्हींचा चौथा घात घ्या: ६२५ × (२ चा २८ वा घात) याची बाकी १. पण ६४१ = ६२५ + १६ सुद्धा आहे, म्हणून ६२५ च्या जागी −१६ चालतं. १६ म्हणजे २ चा चौथा घात. तेव्हा २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१. त्यात १ मिळवला की शून्य.

पलीकडची मूळ आहे का हे तपासताना पाया २ घेऊन फर्मा चाचणी लावू नका. (या चाचणीत पायाला संख्येपेक्षा १ ने कमी घात चढवून त्याच संख्येने भागतात; बाकी १ आली तर संख्या पास.) पलीकडचीने भागताना २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१, म्हणून ६४ व्या घाताची १. चाचणीतला घातांक ६४ च्या पटीत असल्याने उत्तर १ च येतं आणि संयुक्त संख्या मूळ म्हणून पास होते. पाया ३ घेतला की पकडली जाते.

संगणकावर वेगळाच घोळ. चिन्हरहित (ऋण संख्या नसलेल्या) ३२ बिटांत, म्हणजे ०-१ च्या ३२ जागांत, अलीकडची संख्या ही कमाल मर्यादा, सगळे बिट १. चिन्हासहित वाचली तर −१. पलीकडची तिथे मावतच नाही, तिचा चक्क १ होतो. चिन्हरहित ६४ बिट घेतले तरी सुटका नाही: पाया २ च्या त्याच चाचणीत वर्ग करत जाताना २ चा ३२ वा घात येतो, त्याचा वर्ग ६४ बिटांबाहेर जाऊन शून्य होतो. मग प्रोग्राम ‘संयुक्त’ असं बरोबर उत्तर देतो, पण निव्वळ चुकीमुळे.