एमडी स्किनला अर्ज करताय? आधी दाखल्यांवरच्या तारखा वाचा

स्किन, म्हणजे त्वचारोगाचं पदव्युत्तर शिक्षण, घ्यायचं ठरवलेल्या मुलांना नीट-पीजीतल्या रँकचं महत्त्व सांगावं लागत नाही. रेडिओलॉजी, मेडिसिन आणि स्किनच्या जागा आधी संपतात, हे इंटर्नशिपपासूनच कानावर पडलेलं असतं. कागदांचं मात्र कुणी सांगत नाही. चांगली रँक हातात असून पडताळणीच्या टेबलावरून डोळे पुसत परतलेली मुलं मी पाहिली आहेत, म्हणून हे लिहितोय.

पात्रता सरळ आहे: एमबीबीएस, पूर्ण झालेली इंटर्नशिप, वैद्यक परिषदेची नोंदणी आणि नीट-पीजीत खुल्या प्रवर्गाला 50, राखीव प्रवर्गांना 40 पर्सेंटाइल. अभ्यासक्रम 3 वर्षांचा. काही महिन्यांचा कॉस्मेटोलॉजीचा कोर्स करून कुणी त्वचारोगतज्ज्ञ होत नाही. त्यावर लाखभर रुपये घालण्याआधी हे नीट समजून घ्या.

इंटर्नशिपची तारीख दरवर्षी माहितीपत्रकात येते. 2025 ची परीक्षा 15 जूनवरून 3 ऑगस्टला गेली, तरी इंटर्नशिप संपवण्याची मुदत 31 जुलैच होती. परीक्षा लांबली की हीही लांबते, असं गृहीत धरू नका. गैरहजेरीचे दिवस भरून काढायचे असतील, तर कॉलेजकडून शेवटची तारीख आधीच लेखी घ्या.

आता खरी अडचण. सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून एमसीसी (केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती) भरते, उरलेल्या राज्याचा सीईटी सेल (सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष). दोन्हीकडे दाखले वेगळे लागतात, आणि घोटाळा इथेच होतो. सेतूतून मिळालेलं राज्याचं नॉन-क्रिमीलेअर एमसीसीला चालत नाही. तिथे जात केंद्राच्या ओबीसी यादीत असावी लागते आणि दाखला केंद्राच्या नमुन्यात. राज्यात एनटी (भटक्या जमाती) किंवा व्हीजे (विमुक्त जाती) असलेल्यांनी ती यादी स्वतः उघडून पाहावी. एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) हा राज्याचा प्रवर्ग तिथे नाहीच. तो उमेदवार खुल्यात जातो, किंवा निकषात बसत असेल तर ईडब्ल्यूएसमध्ये (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), आणि त्यालाही केंद्राच्या नमुन्यातला चालू वर्षाचा दाखला लागतो. नॉन-क्रिमीलेअरवर 31 मार्चची तारीख असेल, तर एप्रिल उजाडताच नव्याच्या मागे लागा.

राज्य कोट्यात सगळ्यात जास्त अडते ती जात वैधता, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं जात पडताळणी समितीचं प्रमाणपत्र. एमबीबीएस राखीव जागेवर केलेल्यांकडे ती असतेच. खुल्या जागेवर किंवा परराज्यात शिकलेल्यांनी ती कधी काढलेलीच नसते, आणि रँक आल्यावर धावपळ सुरू होते. समितीकडे अर्ज केल्याची पावती म्हणजे वैधता नव्हे. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची वैधता झालेली असेल, तर तिची प्रत जोडा, काम बरंच सोपं होतं. अर्ज मात्र परीक्षेच्या आधीच करा. माणसाच्या आयुष्याची तीन वर्षं ज्या कागदावर अवलंबून आहेत तो महिनोन्‌महिने टेबलावर पडून राहतो, याचा मला अजूनही संताप येतो.

लग्न झालेल्या मुलींनो, आधारवर सासरचं नाव, पदवीवर माहेरचं, असं असेल तर राजपत्रातली नावबदलाची नोंद आत्ताच करून घ्या. आणि अधिवासाबद्दल मागच्या बॅचच्या सल्ल्यावर विसंबू नका: जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातलं निवासावर आधारलेलं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. यंदाचंच माहितीपत्रक वाचा.

पसंतीक्रम भरण्याआधी एक करा. पदवीचं पूर्ण नाव पाहा, त्यात त्वचारोगाबरोबर गुप्तरोग आणि कुष्ठरोगही आहे. लेझर आणि केसांचे उपचार हा त्यातला छोटा भाग. गजकर्ण, खरूज, सोरायसिस आणि कुष्ठरोगाचे रुग्ण रोजचे, शिवाय तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या स्किन ओपीडीत, तिथल्या डॉक्टरांना विचारून, दोन दिवस बसून या.