कंट्रोलर परत पाठवण्याआधी सेन्सर कुठे टांगलाय ते बघा

"२४ वर सेट केलंय, डिस्प्लेही २४ दाखवतोय, तरी पिशव्यांवर हिरवी बुरशी आली." धिंगरी अळिंबीची खोली चालवणाऱ्यांकडून उन्हाळ्यात असे फोन वारंवार येतात. तक्रार करून परत पाठवलेले आमचे बहुतेक तापमान कंट्रोलर (खोलीचा कूलर किंवा एसी आपोआप चालू-बंद करणारी पेटी) आमच्या टेबलावर ठणठणीत चालतात. चुकलेली असते ती सेन्सरची जागा. कुरियरच्या जाण्या-येण्यात आठवडा जातो आणि तेवढे दिवस खोली राम भरोसे राहते, म्हणून हे पत्रक.

पेटी दाराशी बसवली जाते, कारण मीटर तिथे असतो. सेन्सरची वायर आखूड पडली की तोही तिथेच खिळ्याला अडकवला जातो. दार उघडलं की बाहेरची गरम हवा त्याला लागते आणि मागची मांडणी थंड असली तरी कूलर सुरू होतो. कूलरच्या तोंडासमोर टांगला तर उलटंच होतं: गार झोत लागताच कूलर बंद, आणि कोपऱ्यातल्या पिशव्या तापतच राहतात. पश्चिमेच्या भिंतीला चिकटवलेला सेन्सर भिंतीचं तापमान सांगतो, हवेचं नाही. सगळ्यात फसवा प्रकार फॉगरखालचा (फॉगर म्हणजे पाण्याचा बारीक फवारा मारणारा). ओला सेन्सर पाणी सुकताना गार होतो आणि हवेपेक्षा दोन-तीन अंश कमी दाखवतो.

खोलीच्या मधोमध, मधल्या ओळीतल्या पिशव्यांच्या उंचीवर, सुतळीने मोकळा लोंबकळता ठेवा. वर पाण्याच्या बाटलीचा कापलेला अर्धा भाग छत्रीसारखा अडकवा. वायर कमी पडली तर साधी दोन तारांची वायर जोडून १० मीटरपर्यंत बिनधास्त वाढवा. या सेन्सरचा रोध २५ अंशांना १० हजार ओहम असतो, त्यापुढे वायरचा एखादा ओहम काहीच नाही. जोड मात्र पाणी न शिरेल असा टेपने पक्का करा आणि ही वायर मोटारीच्या वायरीसोबत एकाच पाइपातून नेऊ नका.

आणखी एक लक्षात असू द्या. अळिंबीचं बीज (बुरशीचे तंतू) पसरत असताना पिशवी स्वतः उष्णता सोडते, त्यामुळे आतलं तापमान हवेपेक्षा दोन-तीन अंश जास्त असतं. त्या दिवसांत एका पिशवीत साधा थर्मामीटर खोचून बघा आणि त्यानुसार सेटिंग एक-दोन अंशांनी खाली आणा.

सेन्सरवरच शंका असेल तर ग्लासात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घ्या, ढवळा, सेन्सर तीन मिनिटं बुडवून ठेवा. शून्याच्या आसपास दाखवलं पाहिजे. अर्धा-एक अंश फरक असेल तर कॅलिब्रेशनच्या सेटिंगमध्ये दुरुस्त करा. त्याहून जास्त असेल तर आम्हाला कळवा, सेन्सर बदलून देऊ.

फरकाची सेटिंग कूलरसाठी १ अंश ठेवा: सेटिंग २४ असेल तर कूलर २५ ला सुरू होईल, २४ ला थांबेल. ०.३ वर ठेवलं तर रिले (आतला चालू-बंद करणारा स्विच) दिवसभर टकटक करतो आणि लवकर मरतो. साध्या एसीला फरक २ आणि थांबून पुन्हा सुरू होण्याचा वेळ ३ मिनिटं ठेवा. ती ३ मिनिटं म्हणजे बिघाड नव्हे. गॅसचा दाब समान व्हायला कॉम्प्रेसरला तेवढा वेळ लागतो. इन्व्हर्टर एसीला हा कंट्रोलर लावू नका.

"हेच मॉड्यूल (कंट्रोलरचं तयार सर्किट) बाजारात निम्म्या पैशांत मिळतं," असं काही जण म्हणतात. खरं आहे, मॉड्यूल आम्ही बनवत नाही. वायरिंगचा हात असेल तर जरूर स्वतः जोडा. पण त्यातला रिले १० अँपिअरचा असतो. दीड टनाचा एसी चालताना ७-८ अँपिअर घेतो आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. रिलेचे पॉइंट चिकटले की मशीन थांबतच नाही, आणि थंडीत त्यावर हीटर असेल तर आगीचा धोका. आमच्या पेटीत वेगळा कॉन्टॅक्टर (जड भार झेलणारा स्विच), एमसीबी (जादा करंट आला की वीज तोडणारा) आणि ओल न शिरणारं झाकण असतं. जादा पैसे त्याचे आहेत.

ऑर्डर देताना खोलीची लांबी सांगा, सेन्सरची वायर त्या मापाची जोडून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. आणि तक्रार असेल तर आधी दोन फोटो पाठवा: एक डिस्प्लेचा, एक सेन्सर टांगलेल्या जागेचा.