उलट्या प्रवाहाची झडप: प्रकार कसे घडले आणि निवड कुठे चुकते

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत एनआरव्हीसाठी (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारी आणि मागे येऊ न देणारी झडप) भरलेल्या मागणीपत्रावर पुष्कळदा एवढाच मजकूर असतो: 'एनआरव्ही, सहा इंची, फ्लँजवाला, दोन नग' (फ्लँज म्हणजे पाइपला बोल्टने जोडायची कडा). पाइप सहा इंची म्हणून व्हॉल्व्ह सहा इंची, आणि जुना स्विंग (बिजागरीवर झुलणाऱ्या तबकडीचा) होता म्हणून नवाही स्विंग. एनआरव्हीचा प्रत्येक प्रकार एका विशिष्ट अडचणीवर उपाय म्हणून घडला आहे. ती अडचण लक्षात घेतली नाही, तर चांगल्या बनावटीचा व्हॉल्व्हही चुकीच्या जागी बसतो.

प्रवाहाला एकाच दिशेने वाट देणारे दार ठाणे खाडीच्या काठाला नवे नाही. येथील आगरी शेतकऱ्यांनी खारजमिनी भातासाठी राखल्या त्या बांधाच्या आणि उघाडीच्या (बांधातल्या पाणी सोडण्याच्या दाराच्या) बळावर. ओहोटीला आतल्या गोड्या पाण्याच्या रेट्याने उघाडीचे दार बाहेर ढकलले जाते. भरती चढू लागली की खाडीचेच पाणी ते दार चौकटीवर दाबून बंद करते. नवी मुंबई वसवताना सिडकोने बांधलेल्या धारण तलावांच्या तोंडाशीही याच तत्त्वाची झडपदारे बसवली गेली. वरून टांगलेले, कोणी न हलवता उघडणारे आणि मिटणारे हे दार म्हणजे आजच्या स्विंग चेक व्हॉल्व्हचे (चेक व्हॉल्व्ह हे एनआरव्हीचेच दुसरे नाव) सर्वांत मोकळे रूप होय. त्याची मर्यादाही तेथेच दिसते: चौकटीत गाळ किंवा ओंडका अडकला की दार पूर्ण मिटत नाही आणि खारे पाणी आत शिरते.

पंपात ही कल्पना फार पूर्वी आली. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात होऊन गेलेल्या क्टेसिबियसच्या दोन नळकांड्यांच्या पंपाचे वर्णन रोमन वास्तुविद विट्रुव्हियसने करून ठेवले आहे. दट्ट्या वर गेला की खालची झडप उघडून पाणी आत घेते, दट्ट्या खाली आला की तीच झडप मिटून पाण्याला पुढे ढकलण्यास भाग पाडते. लोहाराच्या भात्यातला चामड्याचा पडदाही हेच काम हवेसाठी करतो.

बाष्पयुगात प्रश्न बदलला. बॉयलरला पाणी देणारा पंप थांबला, तर आतल्या दाबाने बॉयलरमधलेच पाणी फीड लाइनमधून मागे येईल आणि पातळी धोक्याच्या खाली जाईल. म्हणून बॉयलरच्या तोंडाशी एनआरव्ही अनिवार्य ठरला. 1923 च्या बॉयलर कायद्याखाली केलेल्या 1950 च्या नियमावलीतही त्याला स्थान मिळाले. लहान व्यासाच्या, जास्त दाबाच्या अशा ठिकाणी लिफ्ट प्रकार रुळला. त्यात तबकडी बिजागरीवर न फिरता सरळ वर उचलली जाते आणि थोडेच अंतर चालून पुन्हा बसते. मात्र तो पाण्याचा दाब अधिक खातो, शिवाय वजनावर मिटणारी त्याची बनावट चुकीच्या स्थितीत बसवली तर तबकडी जागेवर येतच नाही.

तिसरी अडचण आघाताची. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून निकोलाय झुकोव्स्की यांनी 1898 मध्ये मांडलेला हिशेब आजही तसाच वापरला जातो: पोलादी पाइपात सेकंदाला एक मीटर वेगाने मागे येणारे पाणी एकाएकी अडले, तर दाब साधारण दहा ते बारा बारने (एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाइतका दाब) उसळतो. जड तबकडीचा स्विंग व्हॉल्व्ह प्रवाह थांबण्याच्या क्षणी अर्धवट उघडाच असतो, प्रवाह उलटल्यावर त्याच्याबरोबर खेचला जातो आणि मग धाडकन आपटतो. एकाच हेडरवर (पंपांना जोडणाऱ्या सामाईक पाइपवर) तीन पंप चालू असताना एक बंद पडला, तर उरलेले दोन त्या थांबलेल्या पंपाकडे पाणी क्षणात उलटवतात, आणि तेथे हा दोष सर्वांत तीव्र होतो. स्प्रिंगने मिटणारा ड्युअल प्लेट (मधल्या पिनवर फिरणाऱ्या दोन अर्धगोल पात्यांचा) आणि त्याहून आखूड चालीचा नोझल प्रकार (ज्याची तबकडी प्रवाहाच्या रेषेत सरळ पुढेमागे सरकते) या गरजेवरचे उत्तर आहेत: प्रवाह शून्यावर येण्याच्या क्षणी दार आधीच मिटून झालेले असावे.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वागळे इस्टेट 1960 च्या दशकात उभी राहिली. पुढे खाडीपलीकडे टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक वसाहत आली आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर पेट्रोरसायनांचे मोठे कारखाने निघाले. त्यामुळे दोन परिभाषा शेजारी नांदू लागल्या. पाणीपुरवठ्याची माणसे भारतीय मानक 5312 मधील 'रिफ्लक्स व्हॉल्व्ह' हा शब्द वापरत, तर प्रक्रिया उद्योगातली माणसे एपीआय 594 या अमेरिकन मानकातील वेफर (दोन फ्लँजमध्ये चिमटून बसवायचा) आणि ड्युअल प्लेटविषयी बोलत. फिटरच्या तोंडी मात्र दोन्हींना एकच नाव राहिले, एनआरव्ही, आणि फरक त्या नावात बुडाला. निवडीतला गोंधळ मुख्यतः इथूनच सुरू होतो असे माझे मत आहे.

या पट्ट्यातल्या एका कारखान्यात थंड पाण्याच्या लाइनवर मी स्वतः पाहिलेले सांगतो. पंपाजवळ उभे राहिले की सहा इंची स्विंग व्हॉल्व्हमधून सतत टकटक ऐकू येई. बॉनेटवर (व्हॉल्व्हच्या झाकणावर) हात ठेवला तर ठोका तळव्याला जाणवे. उघडून पाहिले, तेव्हा बिजागरीच्या पिनचे गोल भोक लांबट झाले होते आणि पिन मधोमध झिजली होती. तासाला 45 घनमीटर पाणी त्या व्यासातून सेकंदाला जेमतेम 0.7 मीटर वेगाने जात होते. स्विंगची तबकडी थांब्याला टेकून स्थिर राहण्यासाठी पाण्याला साधारण दीड ते दोन मीटर वेग लागतो. तेवढा नसल्याने ती दिवसरात्र अधांतरी डोलत होती. रिड्युसर (व्यास कमी करणारा जोड) घालून चार इंची व्हॉल्व्ह बसवला, तेव्हा वेग 1.6 मीटरच्या आसपास आला आणि टकटक थांबली. ड्युअल प्लेटलाही असाच त्रास होतो. पंपाच्या किंवा एल्बोच्या (पाइपच्या वळणाच्या) अगदी लगत बसवला तर तेथल्या घुसळलेल्या प्रवाहात त्याची दोन पाती असमान उघडतात आणि स्प्रिंग लवकर दमते. दट्ट्याच्या कॉम्प्रेसरच्या ठोक्यांसाठी तो घेऊच नये.

मागणीपत्रात व्यासाच्या जोडीला नेहमीचा आणि किमान प्रवाह, द्रवाची घनता व त्यातला गाळ, पाइप आडवा की उभा, पंपापासूनचे अंतर आणि हेडरवरील पंपांची संख्या लिहिली, तर पुरवठादाराला प्रकार सुचवता येतो. नुसत्या 'सहा इंची' वरून त्याला फक्त फ्लँज जुळवता येतो.