जेम्सटाउन की प्लिमथ? अमेरिकेच्या दोन ‘पहिल्या’ वसाहती

पोकाहोंटस, म्हणजे जेम्सटाउनजवळच्या मूळ रहिवाशांच्या प्रमुखाची मुलगी, आणि मेफ्लॉवर जहाजातून प्लिमथला गेलेले लोक, यांची कधी भेटच झाली नाही. ती मार्च १६१७ मध्ये इंग्लंडमधल्या ग्रेव्हझेंड गावी वारली, आणि मेफ्लॉवर इंग्लंडहून निघालं १६२० साली. तरी आपल्या डोक्यात पोकाहोंटस, जेम्सटाउनचा कप्तान जॉन स्मिथ, उंच काळ्या टोप्यांमधले पिलग्रिम (म्हणजे मेफ्लॉवरवरचे लोक) आणि थँक्सगिव्हिंग या आभाराच्या सणाची टर्की हे सगळे एकाच पंगतीला बसलेले असतात. त्याचं कारण साधं आहे. ‘अमेरिकेतली पहिली इंग्रज वसाहत’ म्हणून दोन नावं कानावर पडतात, जेम्सटाउन आणि प्लिमथ, आणि दोन्हींच्या गोष्टी एकमेकींत मिसळून जातात.

जेम्सटाउन आजच्या व्हर्जिनिया राज्यात, जेम्स नदीच्या काठी. प्लिमथ मॅसॅच्युसेट्समध्ये, समुद्रावर. सरळ रेषेत मोजलं तरी दोहोंत सातशे किलोमीटरच्या वर अंतर आहे. जेम्सटाउन १६०७ चं, प्लिमथ १६२० चं. म्हणजे तारखेवर भांडण असेल तर ते इथेच मिटलं: जेम्सटाउन तेरा वर्षांनी थोरलं. (दोन्ही ‘पहिली’ नाहीत, हेही खरंच. स्पॅनिश लोकांनी फ्लोरिडात सेंट ऑगस्टीन १५६५ मध्येच वसवलं होतं आणि इंग्रजांचीच रोनोक बेटावरची वसाहत १५८७ नंतर माणसांसकट नाहीशी झाली होती. जेम्सटाउनचा मान एवढाच की ते टिकलेलं पहिलं इंग्रज ठाणं.)

पण खरा फरक तारखेत नाही. गेलं कोण आणि पैसा कुणाचा, हे आधी पाहायला हवं.

जेम्सटाउनचा तोंडवळा आपल्याला ओळखीचा वाटेल, कारण ती कंपनी होती. १६०६ मध्ये राजा पहिल्या जेम्सने व्हर्जिनिया कंपनीला सनद दिली. लंडनच्या व्यापाऱ्यांनी भागभांडवल घातलं आणि परताव्याची वाट पाहत बसले. ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर सर थॉमस स्माइथ हाच अनेक वर्षं व्हर्जिनिया कंपनीचाही कारभारी होता. म्हणजे लंडनच्या त्याच व्यापारी वर्तुळातून एक वाट सुरतेकडे निघाली, दुसरी जेम्स नदीकडे. पहिली जहाजं तिकडे नेणारा कप्तान ख्रिस्तोफर न्यूपोर्टही पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत गेला आणि १६१७ मध्ये जावा बेटावर बांतमला वारला.

मे १६०७ मध्ये तीन जहाजांतून १०४ जण उतरले. सगळे पुरुष आणि पोरगे, बाई एकही नाही. त्यांत स्वतःला ‘जंटलमन’ म्हणवणारे, म्हणजे हाताला मातीची सवय नसलेले, बरेच होते. जागा निवडली ती स्पॅनिश जहाजांपासून बचाव व्हावा म्हणून: दलदलीची, डासांची, आणि उन्हाळ्यात नदीचं पाणी खारट होणारी. न्यूपोर्ट पुढच्या जानेवारीत रसद घेऊन परतला तेव्हा त्यातले ३८ जिवंत होते. १६०९–१० चा हिवाळा तर ‘उपासमारीचा काळ’ म्हणूनच ओळखला जातो. वस्तीतल्या सुमारे ३०० माणसांपैकी साठेक उरली. कुत्री, घोडे, उंदीर, चामड्याचे बूट असं मिळेल ते खाल्लं गेलं. माणसं खाल्ल्याच्या जुन्या नोंदी होत्या, पण त्यांवर कित्येकांचा विश्वास नव्हता. २०१३ मध्ये संशोधकांनी तिथे सापडलेली चौदा वर्षांच्या एका मुलीची हाडं जाहीर केली. कवटीवर सुऱ्याचे वार होते.

जून १६१० मध्ये उरलेले लोक वस्ती सोडून नदीतून निघालेही होते. वाटेत नव्या गव्हर्नरची जहाजं समोरून आली आणि त्यांना परत फिरवण्यात आलं. ती एक-दोन दिवस उशिरा पोचली असती, तर कदाचित आज आपण फक्त प्लिमथबद्दलच बोलत असतो.

वसाहत तगली ती तंबाखूवर. जॉन रॉल्फने वेस्ट इंडीजकडचं गोडसर वाण लावलं. पोकाहोंटसने १६१४ मध्ये लग्न केलं ते याच रॉल्फशी, जॉन स्मिथशी नव्हे. ही आणखी एक नेहमीची गल्लत. काही वर्षांत गावातल्या रस्त्यांतसुद्धा तंबाखू उभा होता. १६२१ मध्ये कंपनीने लग्नासाठी मुली पाठवल्या तेव्हा नवऱ्याने एका बायकोमागे १५० पौंड वजनाचा तंबाखू भरायचा, असा हिशेब होता. १६१९ साली इथे दोन गोष्टी काही आठवड्यांच्या अंतराने घडल्या. जुलैअखेर गावातल्या चर्चमध्ये निवडून आलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली आणि ऑगस्टमध्ये जवळच्या पॉइंट कम्फर्टला वीसेक आफ्रिकी माणसं आणून धान्याच्या बदल्यात विकली गेली. प्रातिनिधिक सभा आणि गुलामगिरी, दोन्हींचं इंग्रज अमेरिकेतलं मूळ एकाच वर्षी, एकाच मुलखात सापडतं.

प्लिमथला गेलेली माणसं निराळी. त्यांचा गाभा होता तो ‘सेपरेटिस्ट’ मंडळींचा, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंड सुधारण्यापलीकडे गेलंय असं मानून त्यापासून फुटलेल्यांचा. छळाला कंटाळून ते आधी हॉलंडमधल्या लायडन शहरात दहा-बारा वर्षं राहिले. तिथे धर्माला कुणी हात लावला नाही, पण कापडधंद्यात राबून पोट जेमतेम भरत होतं आणि पोरं डच होत चालली होती. परदेशात मुलं मोठी करणाऱ्या मराठी आईबापांना ही दुसरी काळजी समजावून सांगायला नको. मेफ्लॉवरवर १०२ प्रवासी होते, त्यांत बायका-मुलं, अख्खी कुटुंबं. जेम्सटाउनला कंपनीने माणसं भरून पाठवली. इथे निदान निम्मा गोतावळा एकमेकांना आधीपासून ओळखत होता.

निम्माच. हा तपशील सहसा गाळला जातो. बाकीचे ‘परके’ होते: कारागीर, नोकर, नशीब काढायला निघालेले. आणि धर्मासाठी निघालेल्यांचं जहाजभाडंही लंडनच्या व्यापाऱ्यांनीच भरलं होतं. ते कर्ज फेडता फेडता दोन दशकांहून अधिक काळ गेला. त्यामुळे ‘जेम्सटाउन पैशासाठी, प्लिमथ देवासाठी’ ही जी चटपटीत विभागणी पाठ्यपुस्तकांना आवडते, ती मला अर्धवट वाटते.

प्लिमथच्या गाजलेल्या करारनाम्याचंही, म्हणजे ‘मेफ्लॉवर कॉम्पॅक्ट’चंही, तसंच. त्यांना जायचं होतं हडसन नदीच्या मुखाकडे, जो भाग तेव्हा व्हर्जिनियाच्या सनदेत येत होता. नोव्हेंबर १६२० मध्ये जहाज बरंच उत्तरेला, केप कॉडला लागलं. सनद लागू नाही म्हटल्यावर ‘परक्यां’पैकी काही म्हणू लागले की मग आमच्यावर कुणाचाच हुकूम चालत नाही. ते मोडायला जहाजावरच ४१ पुरुषांनी सह्या केल्या: आपण एक राज्यसंस्था बनवतो आणि तिचे कायदे पाळतो. लोकशाहीची गंगोत्री वगैरे पुढे म्हटलं गेलं. त्या दिवशी ती फाटाफूट टाळायची तजवीज होती. जेम्सटाउनची सभा त्याआधी सव्वा वर्ष भरलेली होती, हेही ध्यानात ठेवावं.

पहिल्या हिवाळ्यात इथेही निम्मी माणसं दगावली. जी वाचली त्यांना नांगरटीची जमीन तयार मिळाली, कारण तिथे पटक्सेट नावाचं गाव होतं आणि युरोपियांनी आणलेल्या साथीत ते १६१६ ते १६१९ च्या दरम्यान ओस पडलं होतं. त्या गावचा टिस्क्वांटम वाचला तो गावात नव्हता म्हणून. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकलं होतं; तो लंडनमार्गे परतला तेव्हा घरी कुणीच उरलं नव्हतं. मका कसा लावायचा हे पिलग्रिमांना शिकवणारा तो हाच. त्याला पळवणारा कप्तान होता तो जॉन स्मिथच्याच मोहिमेतला. खुद्द स्मिथ एव्हाना जेम्सटाउन सोडून या किनाऱ्याचा नकाशा काढत होता. ‘न्यू इंग्लंड’ हे नाव त्याचं, आणि १६१६ च्या त्याच्या नकाशावर पिलग्रिम यायच्या आधीच ‘प्लिमथ’ लिहिलेलं आहे. दोन्ही गोष्टींत एकच नाव येतं ते असं, आणि घोळाला थोडं निमित्तही मिळतं.

त्या भागातल्या वाम्पनोआग या मूळ रहिवाशांचा प्रमुख मॅसॅसॉइट याने १६२१ मध्ये पिलग्रिमांशी तह केला, शरद ऋतूत तीन दिवसांची मेजवानी झाली, त्याची नव्वद माणसं पाच हरणं घेऊन आली. थँक्सगिव्हिंगची गोष्ट इथे थांबते. तह टिकला तो त्याच्या हयातीपुरता. त्याचा मुलगा मेटाकॉम इंग्रजांशी लढला, १६७६ मध्ये मारला गेला आणि त्याचं शिर प्लिमथमध्ये खांबावर वर्षानुवर्षं टांगून ठेवलं होतं.

मग धाकटं प्लिमथ थोरल्याच्या पुढे कसं गेलं? एक तर, १६९१ मध्ये ते मॅसॅच्युसेट्समध्ये विलीन झालं, आणि बोस्टनकडे छापखाने, शाळा, वक्ते होते. १८२० मध्ये नामांकित वक्ता डॅनियल वेब्स्टरने द्विशताब्दीचं गाजलेलं भाषण प्लिमथमध्येच केलं. यादवी युद्धानंतर तर तंबाखू आणि गुलामांचा व्हर्जिनिया हा हरलेला पक्ष होता. मूळपुरुष म्हणून कुटुंबवत्सल, देवभीरू पिलग्रिम सोयीचे पडले. व्हर्जिनियाला हे अजून टोचतं. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या थँक्सगिव्हिंग जाहीरनाम्यात फक्त प्लिमथकरांचा उल्लेख आला तेव्हा व्हर्जिनियाच्या एका राज्य सिनेटरने तक्रार केली: आमच्याकडे १६१९ मध्येच आभाराचा दिवस पाळला गेलाय. व्हाइट हाउसमधून दिलगिरीचं उत्तर आलं आणि १९६३ च्या जाहीरनाम्यात मॅसॅच्युसेट्सच्या केनेडींनी व्हर्जिनियाचं नाव आधी घेतलं.

आज प्लिमथला गेलात तर खांबांच्या मंडपाखाली एक दगड दाखवतात, पिलग्रिमांनी पहिलं पाऊल ठेवलं तो. त्या काळच्या एकाही लेखात या दगडाचा उल्लेख नाही. १७४१ मध्ये नव्वदी ओलांडलेल्या एका वृद्धाने ‘हाच तो’ म्हणून सांगितलं. आणि जेम्सटाउनचा त्रिकोणी किल्ला नदीने गिळला असंच बराच काळ धरलं जात होतं. १९९४ मध्ये पुरातत्त्वज्ञ विल्यम केल्सोने खणायला सुरुवात केली. तटाच्या लाकडी खुंटांच्या काळ्या खुणा जवळपास सगळ्या जमिनीतच होत्या.