प्रथिन कायनेज आणि जनुकांचे प्रतिलेखन

पेशीबाहेरून आलेला संदेश केंद्रकातील जनुकांपर्यंत पोहोचवण्यात प्रथिन कायनेज या विकरांचा मोठा वाटा असतो. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीच्या रेणूवरील टोकाचा फॉस्फेट गट काढून तो दुसऱ्या प्रथिनातील सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीन या अमिनो आम्लाला जोडणे एवढेच त्यांचे काम. पण ऋणभारित फॉस्फेट जोडला गेला की प्रथिनाची घडण, पेशीतील जागा आणि जोडीदार बदलू शकतात. मानवी जनुकसंचात अशी ५०० हून अधिक कायनेजे आहेत. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्झ यांनी १९५० च्या दशकात स्नायूंतील ग्लायकोजेनचा अभ्यास करताना ही उलट फिरवता येणारी क्रिया उलगडली. त्यासाठी त्यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सुरुवातीला हा विषय चयापचयापुरताच मानला जाई. जनुकांशी त्याचे नाते पुढे उमगले.

हे नाते उपाशी प्राण्याच्या यकृतात स्पष्ट दिसते. रक्तातील साखर उतरू लागली की स्वादुपिंडातून ग्लुकागॉन स्रवते. हे संप्रेरक यकृतपेशीच्या आत शिरत नाही. पेशीपटलावरील संदेश टिपणाऱ्या ग्राही प्रथिनाला चिकटते. त्यामुळे आत चक्रीय एएमपी हे छोटे संदेशवाहक संयुग तयार होते. ते प्रथिन कायनेज-ए या विकराच्या नियामक घटकांना चिकटते आणि त्यांनी अडवून धरलेले क्रियाशील घटक मोकळे होतात. त्यांतले काही केंद्रकात शिरतात. तेथे सीआरईबी हे जनुक-नियामक प्रथिन डीएनएवरील टीजीएसीजीटीसीए या क्रमाला धरून असते. त्यातील १३३ व्या सेरीनला फॉस्फेट जोडला गेला की सीबीपी हे सहकारी प्रथिन त्याला येऊन मिळते. सीबीपी डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांना ॲसिटिल गट जोडून डीएनएची गुंडाळी सैल करते आणि जनुकावरून आरएनए बनवणाऱ्या आरएनए पॉलिमरेज या विकराच्या यंत्रणेलाही जवळ आणते. मग ग्लुकोज बनवणाऱ्या विकरांच्या जनुकांचे प्रतिलेखन, म्हणजे त्यांच्यावरून आरएनए प्रती बनणे, वाढते.

या एका सेरीनचे महत्त्व १९८९ मध्ये मार्क माँटमिनी यांच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले. त्याच्या जागी फॉस्फेट न स्वीकारणारे ॲलनीन घातले, तेव्हा चक्रीय एएमपी वाढूनही जनुक जागे होईना. मात्र सगळे श्रेय या एका जागेला देणे बरोबर नाही. सीआरटीसी नावाची सहकारी प्रथिने एरवी एसआयके कायनेजांनी जोडलेल्या फॉस्फेटमुळे पेशीद्रवात अडकून असतात. प्रथिन कायनेज-ए या एसआयकेंनाच रोखते. सीआरटीसींवरचे फॉस्फेट उतरतात आणि ती केंद्रकात जाऊन सीआरईबीला मिळतात. म्हणजे एकच संदेश एका ठिकाणी फॉस्फेट चढवतो, दुसऱ्या ठिकाणी उतरवतो. ‘फॉस्फेट म्हणजे चालू’ हे पाठ्यपुस्तकी समीकरण येथे कोलमडते.

संदेश थांबवण्याची सोयही तितकीच पक्की असते. फॉस्फोडायएस्टरेज चक्रीय एएमपी मोडते, फॉस्फेटेज विकरे सीआरईबीवरील फॉस्फेट काढतात, आणि पीकेआय हे छोटे प्रथिन कायनेजचा क्रियाशील घटक निष्क्रिय करून केंद्रकाबाहेर नेते. संप्रेरक काही काळ टिकले तरी प्रतिलेखनाचा जोर त्यामुळे ओसरतो.

इतर मार्गांची मांडणी वेगळी आहे. वाढघटकांच्या संदेशात एकामागून एक कायनेजे कार्यान्वित होतात. शेवटचे ईआरके केंद्रकात जाऊन एल्क-१ या जनुक-नियामक प्रथिनाला फॉस्फेट जोडते आणि सी-फॉस जनुक काही मिनिटांत जागे होते. इंटरफेरॉन या विषाणूविरोधी संदेश देणाऱ्या प्रथिनांच्या मार्गात जेएके कायनेज पटलाजवळच राहते. त्याने टायरोसीनवर फॉस्फेट जोडलेली स्टॅट प्रथिने जोडीने केंद्रकात जातात आणि थेट डीएनएला चिकटतात. दाहाच्या वेळी आयकेके हे कायनेज एनएफ-कप्पा-बी या जनुक-नियामक प्रथिनाला अडवणाऱ्या प्रथिनाला फॉस्फेट जोडते. तो रोधक नष्ट होतो आणि सुटलेले एनएफ-कप्पा-बी केंद्रकात जाते.

सीडीके-७ आणि सीडीके-९ ही कायनेजे तर आरएनए पॉलिमरेज-२ च्या शेपटीवरच फॉस्फेट जोडतात. मानवात या शेपटीत सात अमिनो आम्लांचा क्रम ५२ वेळा येतो. सुरुवातीच्या टप्प्यावर थबकलेले पॉलिमरेज पुढे सरकण्यासाठी सीडीके-९ लागते. यीस्टमधील हॉग-१ हे कायनेज आणखी पुढे जाते: भोवतालचे क्षार वाढले की ते स्वतःच संबंधित जनुकांवर जाऊन बसते आणि पॉलिमरेजला तेथे आणण्यास मदत करते.